स्नो : दिसू नये म्हणून लावायची गोष्ट

कुंकवाची कोरडी पूड नुसतं बोट टेकवून लावली तर टिकत नाही. घाम आला की नाकावर उतरते. म्हणून आधी मेण. मधमाश्यांचं मेण खोबरेलात वितळवून लहानशा करंड्यात ओतून ठेवलेलं असायचं. फणेरपेटी उघडायची, झाकणाचा आरसा उभा करायचा, अनामिकेनं कपाळावर मेणाचा गोल बसवायचा, त्यावर कुंकवाचं बोट टेकवायचं आणि कडेला सांडलेलं पदराच्या टोकानं टिपून घ्यायचं. मेण कुणाला दिसायचं नाही. दिसायचं ते कुंकू, तेही दिवे लागेपर्यंत जिथल्या तिथे. आज दुकानात प्रायमर म्हणून जी नळी मिळते, तिचं कामही याहून वेगळं नाही.

पण ही युक्ती कपाळापुरतीच. ठिपक्याएवढं मेण कुंकवाखाली झाकलं जातं. तेच गालभर चोपडलं तर चेहरा चकाकतो, धूळ धरतो आणि वर पावडर लावली तर तिचे गठ्ठे होतात. पावडरला धरून ठेवील, पण स्वतः दिसणार नाही असा थर चेहऱ्यासाठी हवा होता. रोजच्या साध्या मेकअपची, ज्याला हल्ली नॅचरल लुक म्हणतात त्याची कुळकथा म्हणजे या थराचा शोध आहे. तो थर बाजारात आला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि आपल्याकडे त्याला सगळे एकाच नावानं ओळखू लागले : स्नो.

त्याआधी होतं कोल्ड क्रीम. त्याचं श्रेय दुसऱ्या शतकातल्या गॅलन या ग्रीक वैद्याला देतात. मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेला हा लेप. त्यातलं पाणी उडताना त्वचेला गार वाटतं, म्हणून ते कोल्ड. थंडीत फुटलेल्या गालांना ते उत्तम, पण लावून बाहेर पडायची सोय नाही. तेल ते तेलच. जवळजवळ सतराशे वर्षं जगाचं काम या तेलकट क्रीमवर भागलं.

मार्ग निघाला तो सौंदर्यप्रसाधनांच्या नव्हे, मेणबत्तीच्या कारखान्यातून. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं चरबी म्हणजे नेमकं काय याचा वर्षानुवर्षं छडा लावला आणि १८२३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. चरबी फोडली की त्यातून एक पांढरं, कडक, वास नसलेलं आम्ल निघतं, ते स्टिअरिक आम्ल. १८२५ मध्ये त्यानं गे-ल्युसॅक या दुसऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाबरोबर या आम्लाच्या मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं. या मेणबत्त्या धूर कमी करायच्या, उन्हाळ्यात वाकायच्या नाहीत. पुढे स्टिअरिक आम्ल टनावारी तयार होऊ लागलं आणि स्वस्त झालं.

आता हे आम्ल चेहऱ्यावर कसं आलं ते पाहा, कारण सगळी गंमत इथेच आहे. स्नोच्या शंभर भागांत सत्तरच्या आसपास पाणी असतं, पंधरा-वीस भाग स्टिअरिक आम्ल, थोडं ग्लिसरीन आणि अगदी थोडा दाहक पोटॅशसारखा क्षार. आम्ल वितळवायचं आणि क्षार घातलेलं गरम पाणी त्यात ढवळत ओतायचं. क्षार इतका कमी असतो की सगळ्या आम्लाला तो पुरत नाही. थोड्याच आम्लाचा साबण होतो आणि हा साबण उरलेलं आम्ल पाण्यात बारीक कणांनी तरंगत ठेवतो. मिश्रण निवताना त्या कणांचे स्फटिक होतात आणि क्रीमला मोत्यासारखी झाक येते. तेल यात नाहीच. चेहऱ्यावर चोळलं की पाणी उडून जातं आणि मागे राहतो आम्लाचा पातळ, कोरडा, न चकाकणारा पापुद्रा. म्हणजे क्रीम नाहीसं झालेलं नसतं, फक्त दिसेनासं झालेलं असतं. याच गुणावरून इंग्रजांनी त्याला व्हॅनिशिंग क्रीम म्हटलं.

लंडनच्या बरोज वेलकम या औषध कंपनीनं १८९२ मध्ये ‘हेझलीन स्नो’ काढला. या जातीचं बाजारात गाजलेलं पहिलं क्रीम तेच. हेझलीन हा विच हेझल नावाच्या अमेरिकन झुडपाचा अर्क, आणि स्नो हे नाव त्या पांढऱ्या, हलक्या रूपावरून. योगायोग असा की पाँड्सचं घराणंही याच झुडपातून निघालेलं. थेरॉन पाँड यांनी १८४६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात विच हेझलचा अर्क जखमांवरचं औषध म्हणून विकायला सुरुवात केली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या कंपनीनं व्हॅनिशिंग क्रीम आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जाहिरातींचा धडाका लावून बायकांना पटवून दिलं की रात्री कोल्ड क्रीम लावायचं आणि दिवसा व्हॅनिशिंग. एकाच्या जागी दोन डब्या खपवण्याची ही शक्कल, पण तिच्यात शास्त्रही होतं. दिवसाच्या क्रीमवर पावडर बसत होती.

एक गोष्ट आपल्या आज्यांना कुणी सांगितली नाही, ते बरंच झालं. त्या काळी स्टिअरिक आम्ल मुख्यतः जनावरांच्या चरबीपासून निघायचं. सोवळ्यात स्वयंपाक करून, दुपारी हळदीकुंकवाला निघताना तोंडाला लावायच्या त्या शुभ्र पदार्थाचं मूळ कळलं असतं तर कितीतरी बरण्या थेट उकिरड्यावर गेल्या असत्या. आता ते बहुतेक पामतेलापासून करतात.

मुंबईत स्नोला आपला माणूस मिळाला : ई. एस. पाटणवाला. राजस्थानातल्या झालरापाटणहून आलेल्या या व्यापाऱ्यानं ‘अफगाण स्नो’ काढला. या स्नोच्या जन्माचं वर्ष १९१९ सांगतात. नावाची कथाही प्रसिद्ध आहे. अफगाणिस्तानचे राजे अमानुल्ला मुंबईत आले, त्यांनी बरणी उघडून पाहिली आणि म्हणाले, हे तर आमच्या अफगाण बर्फासारखं दिसतं! कथा गोड आहे, पण तारखा जुळत नाहीत. १९१९ च्या फेब्रुवारीत अमानुल्ला गादीवर आले आणि मे महिन्यात त्यांनी इंग्रजांशी युद्धच पुकारलं. त्या वर्षी ते मुंबईत पाहुणचार घेत क्रीम हुंगत होते हे काही पटत नाही. ते मुंबईत आले डिसेंबर १९२७ मध्ये, युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा. एकतर वर्ष चुकलं असावं किंवा राजा नंतर चिकटवला असावा. माझा कौल दुसऱ्या शक्यतेला. हेझलीन हे नाव उच्चारायला अवघड. अफगाण म्हटलं की डोळ्यांपुढे बर्फाचे डोंगर येतात आणि गोऱ्यापान माणसांचीही आठवण होते. व्यापाऱ्याला आणखी काय हवं?

आपल्या मध्यमवर्गीय घरांत स्नो शिरला त्याचं खरं कारण मात्र नावात नव्हतं, तो दिसत नव्हता यात होतं. रंगवलेलं तोंड म्हणजे नाटक किंवा तमाशा, अशी सांगड पक्की होती. नाटकमंडळ्यांच्या रंगपटात सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुरदाडशिंग असला सरंजाम असायचा. यांतलं हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग आणि मुरदाडशिंग शिशाचं. पेट्रोमॅक्सच्या उजेडात राजा उठून दिसायचा, पण नटाच्या अंगात रोज थोडं विष जायचं. असलं काही ‘चांगल्या घरच्या’ मुलीनं लावणं अशक्य. स्नोचं तसं नव्हतं. कुणी विचारलंच तर “कुठे काय लावलंय?” म्हणता यायचं. सासूबाईंना वास यायचा, पण पुरावा नसायचा.

पुढे सिनेमानं भीड थोडी मोडली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या, प्रतिष्ठित घरातली, कॉलेजात गेलेली बाई पडद्यावर आली. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, त्या तर पदवीधर. तोंडाची निगा राखणं हे हळूहळू चंगळ न राहता टापटिपीत जमा झालं. स्नो आणि पावडर हा जोडशब्द झाला तो याच काळात.

लावण्याची पद्धत मात्र शिकावी लागे. हरभऱ्याएवढा स्नो घ्यायचा. कपाळ, नाक, दोन गाल, हनुवटी असे पाच ठिपके द्यायचे. ओल्या तोंडावर लावायचा नाही, नाहीतर साबणाचा फेस झाल्यासारख्या पांढऱ्या रेघा उठतात. फार रगडायचाही नाही, कारण वाळत आलेला पापुद्रा सुटून त्याच्या बारीक वळ्या पडतात आणि अंगाचा मळ निघाल्यासारखं दिसतं. हलक्या हातानं पसरून थांबायचं. चेहरा ताणल्यासारखा वाटला की मग पावडरचा पफ, तोही घासत नाही, टेकवत. शेवटी रुमालानं जास्तीची पावडर झटकायची. बरणीचं झाकण सैल राहिलं तर आतला स्नो आकसून काचेपासून सुटायचा आणि खडूसारखा व्हायचा, कारण मुळात ते बहुतेक पाणीच. मग त्यात चार थेंब गुलाबपाणी घालून ढवळून वर्षभर चालवायचा, हा प्रकार घरोघरी.

एवढं करून चेहरा नैसर्गिक दिसायचा का? इथे मात्र स्नोची बाजू लंगडी पडते. तो स्वतः दिसत नव्हता, पण ज्या पावडरसाठी त्याचा एवढा खटाटोप, ती पांढरी किंवा फिकट गुलाबी. युरोपातल्या कातडीसाठी केलेली. ती गव्हाळ, सावळ्या गालांवर बसली की राखाडी छटा येई. मान एका रंगाची आणि तोंड दुसऱ्या. “पिठाच्या डब्यात तोंड घातलंस का?” हा टोमणा उगाच रूढ झालेला नाही. गोरं दिसणं हेच नीट दिसणं, ही समजूत त्या बरणीत पहिल्यापासून मुरलेली होती. १९७५ मध्ये हिंदुस्थान लीव्हरनं ‘फेअर अँड लव्हली’ आणली तेव्हा तिचा पाया पुन्हा व्हॅनिशिंग क्रीमचाच होता. फरक इतकाच की जे स्नो नुसतं सुचवत होता ते नळीवर छापून आलं. ‘फेअर’ हा शब्द नावातून निघायला २०२० साल उजाडावं लागलं.

त्वचेच्या रंगात मिसळणारा थर आला तो वेगळ्या वाटेनं, हॉलिवूडमधून. पोलंडमध्ये जन्मलेले मॅक्स फॅक्टर १९०४ मध्ये अमेरिकेत गेले आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये सिनेमाच्या नटांना रंगवू लागले. रंगीत चित्रपट आले तेव्हा जुना तेलकट रंग फसला. तो चमकायचा, शेजारच्या लाल पडद्याची झाक गालावर उतरायची. यावर तोडगा म्हणून त्यांच्या कंपनीनं रंगद्रव्य आणि शंखजिऱ्याची पूड दाबून वडी केली, ती ओल्या स्पंजानं लावायची. हेच पॅनकेक. १९३७ मध्ये ते पडद्यावर आलं आणि नट्या सेटवरच्या वड्या घरी पळवू लागल्या, तेव्हा कंपनीनं ते बाजारात विकायला काढलं. आपल्या रंगभूषाकारांच्या तोंडी पॅनकेक हा शब्द आजही आहे. त्याचं मोल हे की त्यात छटा होत्या. पावडर चेहऱ्याला आपला रंग देत होती, इथे चेहऱ्याचा रंग पाहून वडी निवडायची होती.

भारतात हे रोजच्या वापरात यायला वेळ लागला. १९५२ मध्ये टाटा ऑइल मिल्सनं फ्रेंच कंपन्यांच्या मदतीनं ‘लॅक्मे’ सुरू केली. परदेशी प्रसाधनांवर जाणारं चलन वाचवावं हा त्यामागचा एक हेतू. नाव घेतलं देलीब या फ्रेंच संगीतकाराच्या ऑपेरावरून, आणि त्या ऑपेराच्या नायिकेचं नाव म्हणजे आपलीच लक्ष्मी. १९६१ मध्ये सिमोन टाटा संचालक मंडळावर आल्या आणि कंपनी वाढली. तरी गव्हाळ आणि सावळ्या रंगांच्या पुरेशा छटा भारतीय दुकानांत सहज मिळू लागल्या त्या अलीकडे, परदेशी आणि नव्या देशी कंपन्यांची चढाओढ लागल्यावर. त्याआधी नवरीच्या मेकअपला बसलेल्या बाईकडे दोन-तीन छटा असायच्या आणि तेवढ्यात सगळ्या नवऱ्या बसवल्या जायच्या. लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये गळ्याशी जी रेघ दिसते, ती त्याचीच.

अफगाण स्नोची बरणी आता घरोघरी दिसत नाही, पण स्नो गेला असं समजू नका. रोजच्या वापराची मॅट क्रीमची किंवा फाउंडेशनची नळी उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. पुष्कळ नळ्यांवर स्टिअरिक अॅसिड दिसेल, सोबत पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा ट्रायएथनॉलअमाइन, म्हणजे तेच आम्ल आणि त्याच कामाचा क्षार. आणि फाउंडेशन घ्यायचंच असेल तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मनगटावर लावून ठरवू नका. जबड्याच्या कडेला एक बोट लावा, दुकानाच्या बाहेर उन्हात या आणि सोबत आलेल्या बहिणीला विचारा. तिला बोट कुठे लावलंय ते सापडलं नाही, तरच पैसे द्या.