विद्यापीठ घराजवळ आले तेव्हा

खानदेशातल्या मुलाला कॉलेज करायचे तर घर सोडावे लागे, त्याला फार काळ लोटलेला नाही. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दोन्ही 1945 सालची. त्याआधी मॅट्रिक झालेल्याने मुंबई-पुण्याची गाडी धरायची. ऐपत असलेल्या मुस्लिम घरातल्या मुलासाठी जोगेश्वरीला 1930 साली निघालेले इस्माईल युसूफ कॉलेज होते, नाहीतर थेट अलीगढ.

अलीगढची कल्पना सर सय्यद अहमद खानांनी केंब्रिज पाहून मनात धरली होती. 1875 साली तिथे सुरुवात झाली आणि वसतिगृह हा त्या शिक्षणाचा गाभाच मानला गेला. एकत्र राहणे, एका दस्तरखानवर जेवणे, वादसभेत बोलणे, मैदानावर खेळणे हे सारे त्यांनी तालिमीतच धरले. दोस्तांसाठी वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न तिथल्या मुलापुढे फारसा नसावा. घर दूर असल्याने चुलत्याच्या घरच्या लग्नाला तो का आला नाही, असेही कुणी विचारत नसे.

1949 पासून आपल्या महाविद्यालयांचे विद्यापीठ पुण्याला होते. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. गिरणेच्या काठी, धुळे-जळगाव महामार्गावरच परिसर उभा राहिला. पारोळा, एरंडोल करत येणारी एस.टी. त्याच्या दारावरून जाते. दोंडाईचा, अमळनेर, धरणगावची मुले सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजरने येऊ लागली. आमच्याकडे याला 'अप-डाऊन' म्हणतात. खरे तर वर्गापेक्षा त्या डब्यातच मैत्र्या जुळल्या. नोट्सची देवघेव, डब्यातली भाजी, कुणाच्या भावाच्या नोकरीची बातमी, सगळे तिथेच.

या अप-डाऊनचा सर्वांत मोठा फायदा मुलींना झाला. 'पोरगी संध्याकाळी घरी येते' हे एक वाक्य मोहल्ल्यात वडिलांना पुरेसे होते. धुळ्याच्या यंत्रमाग वस्तीतल्या माझ्या चुलत बहिणीचे एम.ए. त्या एका वाक्यावर झाले. 2006 सालच्या सच्चर समितीच्या अहवालात वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवी वा पदविका घेतलेले 4 टक्क्यांहून कमी असल्याचे नोंदले आहे. हे लक्षात घेतले की त्या वाक्याचे मोल कळते.

पण त्याचीच दुसरी बाजू कुणी लिहिली नाही. संध्याकाळी घरी येणारी मुलगी संध्याकाळच्या भाकरीही थापणार. पाहुणे आले की पुस्तक मिटणार. मुलग्यालाही दुकानावर बसावे लागे. पण त्याला रात्री चौकात दोस्तांत तासभर बसता येई, तिला ते नव्हते. शहरी मुलांसाठी 'सोशल लाइफ' म्हणजे हौस असेल. आमच्याकडे ती हजेरी होती: शादी, दावत, मय्यत, बाळंतपण. न गेले तर आई नाराज होणार आणि गेले तर परचा राहणार. बहिणीने एका लग्नात हळदीच्या रात्री स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून मध्ययुगीन भारताच्या नोट्स वाचल्या, हे मी पाहिले आहे.

त्या काळी वार्षिक परीक्षा असल्याने हे कसेबसे निभावत असे. वर्षभर सगळ्यांचे करायचे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दार लावून घ्यायचे. 2010 नंतरच्या दशकात सत्र पद्धत आली आणि दार लावायला मोकळा महिनाच उरला नाही. दर काही आठवड्यांनी अंतर्गत चाचणी, सादरीकरण, पुन्हा परीक्षा. अभ्यास नियमित होतो, हे खरे. पण नियम ठरवताना कुणाच्या घरचे दिवस धरले होते, हा सवाल मला अजून सुटलेला नाही.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. विद्यापीठ निघाले त्या 1990 साली तो मार्चअखेरीस आला होता. 2023 सालीही 24 मार्चलाच सुरू झाला.

मधल्या काळात, 2018 साली, विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. जवळच्या आसोद्याच्या त्या लेकीने शाळा पाहिली नव्हती. तिचे सगळे काव्य जात्यावर आणि शेतातल्या कामात रचलेले. बहिणीची मुलगी आता त्याच विद्यापीठात शिकते. 2023 च्या रमजानमध्ये ती सहेरीला आईच्या आधी उठायची, पोळ्या व्हायच्या आत दोन पाने वाचून घ्यायची आणि सातच्या एस.टी.ने निघायची.