फार्म अ‍ॅशुरन्स म्हणजे काय? ब्रिटनचे शेतकरी ‘रेड ट्रॅक्टर’वर का चिडलेत?

ब्रिटनमधल्या सुपरमार्केटात दूध, चिकन किंवा पिठाचं पाकीट उचललं की त्यावर बऱ्याचदा एक छोटासा लाल ट्रॅक्टर छापलेला दिसतो. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेल्या तुमच्या मित्राला विचारा, त्याने तो नक्की पाहिला असेल. हे चिन्ह फार्म अ‍ॅशुरन्सचं, म्हणजे शेतमालाच्या हमी योजनेचं. पण ज्यांच्या शेतातून हा माल येतो, त्यातलेच बरेच शेतकरी आज विचारतायत : फी आम्ही भरायची, कागद आम्ही सांभाळायचे, मग फायदा नेमका कुणाचा?

आधी योजना समजून घेऊ

रेड ट्रॅक्टर हा सरकारी परवाना नाही. त्याचा अर्थ ‘सेंद्रिय’ असाही होत नाही (हा गोंधळ खूप जणांचा होतो). शेतकरी आपणहून सदस्य होतो, दरवर्षी फी भरतो आणि ठरलेली नियमावली पाळतो. ठरावीक काळाने एका स्वतंत्र खासगी कंपनीचा तपासनीस शेतावर येतो आणि सगळं पाहून प्रमाणपत्र चालू ठेवायचं की नाही ते ठरतं.

योजना सुरू झाली २००० साली. त्याआधीच्या बारा-पंधरा वर्षांत ब्रिटनमध्ये अन्नावरचा लोकांचा विश्वास पार उडाला होता. १९८८ मध्ये अंड्यांतल्या साल्मोनेलाचं प्रकरण झालं. मग ‘मॅड काऊ’ रोग आला, आणि तो माणसांपर्यंत पोचू शकतो हे १९९६ मध्ये सरकारला मान्य करावं लागलं. अशा वेळी ‘आमचा माल तपासलेला आहे’ असं सांगणारं एक सोपं चिन्ह हवं होतं. म्हणून शेतकरी संघटना, अन्नप्रक्रिया उद्योग आणि दुकानदार एकत्र आले. शेतकऱ्यांचं प्रतिनिधित्व यात पहिल्यापासून आहे, त्यामुळे आजची चिडचिड ही एका अर्थाने घरातलीच भांडणं आहेत.

तपासणीत काय बघतात?

धान्य पिकवणाऱ्याचं उदाहरण घ्या. कोठारात पक्षी शिरू नयेत याची सोय आहे का, उंदरांसाठी विष कुठे ठेवलं त्याचा नकाशा आहे का, धान्याचं तापमान आणि ओलावा लिहून ठेवलाय का, फवारणी करणाऱ्याकडे प्रशिक्षणाचा दाखला आहे का, फवारणी यंत्राची चाचणी झाली आहे का. जनावरं असतील तर कोणत्या जनावराला कोणतं औषध कधी दिलं याची नोंद आणि पशुवैद्यासोबत केलेला आरोग्य आराखडा लागतो.

यातलं वेडगळ असं काही नाही. चांगला शेतकरी यातलं बरंचसं एरवीही करतोच. पण करणं वेगळं आणि केल्याचा पुरावा फायलीत ठेवणं वेगळं. दिवसभर ट्रॅक्टर चालवून आल्यावर रात्री नोंदी भरत बसायचं, त्या वेळेचा हिशोब कुठल्याच फीच्या पावतीत दिसत नाही.

मग राग कशाचा?

सगळ्यात मोठा मुद्दा हा : योजना कागदावर ऐच्छिक आहे, व्यवहारात नाही. मोठे खरेदीदार, पिठाच्या गिरण्या, दूध कंपन्या हमीचाच माल मागतात. सदस्यत्व सोडलं तर गिऱ्हाईक जातं किंवा भाव पडतो. म्हणजे चिन्हामुळे जास्त पैसे मिळतात असं नाही, चिन्ह नसेल तर दारच बंद होतं. सुरुवातीला जे बक्षीस वाटलं होतं, ते हळूहळू नुसतं गेट पास होऊन बसलं.

दुसरा मुद्दा आयातीचा, आणि तो जास्त बोचतो. ब्रिटिश शेतातून धान्याचा ट्रक निघाला की सोबत ‘ग्रेन पासपोर्ट’ नावाचा कागद जातो आणि त्यावर हमी योजनेचं स्टिकर लागतं. परदेशातून जहाजाने आलेल्या धान्याला मात्र शेता-शेताचं असं प्रमाणपत्र मागत नाहीत. ते नमुने तपासून आणि कागदपत्रं बघून घेतलं जातं, आणि अनेकदा देशी धान्यातच मिसळलं जातं. शेतकऱ्यांचं म्हणणं सरळ आहे : नमुना तपासून त्यांचं चालतं, तर आमचं का नाही? मला तरी या प्रश्नाचं पटणारं उत्तर अजून वाचायला मिळालेलं नाही.

ठिणगी पडली ऑक्टोबर २०२३ मध्ये. रेड ट्रॅक्टरने पर्यावरणाविषयीचं एक नवं जादा मोड्यूल जाहीर केलं, नाव ‘ग्रीनर फार्म्स कमिटमेंट’. हेही ऐच्छिकच. पण आधीचं ‘ऐच्छिक’ कसं सक्तीचं झालं ते पाहिलेल्या शेतकऱ्यांनी यावर विश्वास ठेवला नाही. आम्हाला न विचारता दुकानदारांसाठी हे ठरवलं, असा आरोप झाला. शेवटी २०२४ मध्ये ते मोड्यूल गुंडाळावं लागलं. २०२५ मध्ये आणखी एक फटका बसला. ‘रिव्हर अ‍ॅक्शन’ या नद्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या तक्रारीवरून ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने रेड ट्रॅक्टरची एक जाहिरात पर्यावरणाच्या बाबतीत दिशाभूल करणारी ठरवली. म्हणजे शेतकरी म्हणतात नियम फार झाले, पर्यावरणवाले म्हणतात कमी पडतात.

योजनेच्या बाजूनेही बोलायला हवं. ती नसती तर प्रत्येक सुपरमार्केटने आपापला तपासनीस पाठवला असता आणि एकाऐवजी पाच तपासण्या झाल्या असत्या. २०१३ मध्ये बीफ म्हणून विकलेल्या पदार्थांत घोड्याचं मांस सापडलं, तेव्हा माल कुठून आला हे सांगता येण्याची किंमत सगळ्यांनाच कळली.

यात तंत्रज्ञान कुठे येतं?

या वादानंतर शेतकरी संघटनांनी एक स्वतंत्र आढावा घ्यायला लावला. डॉ. डेव्हिड लुएलिन यांच्या अध्यक्षतेखालचा हा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या : शेतावरच्या तपासण्या कमी आणि एकत्र करा, आणि डेटा व तंत्रज्ञानाचा वापर बराच वाढवा.

कल्पना सोपी आहे. औषधाची नोंद एकदा अ‍ॅपमध्ये भरली की तीच पशुवैद्याला, सरकारला आणि हमी योजनेला दिसावी. आज तीच माहिती तीन ठिकाणी भरावी लागते. ग्रेन पासपोर्टही फोनवर आणता येईल. अडतं ते मालकीवर. शेताचा डेटा कुणाचा? सगळ्या नोंदी लाईव्ह दिसायला लागल्या तर खरेदीदार उद्या त्याच डेटावरून नवी अट घालणार नाही कशावरून? ‘ऐच्छिक’ शब्दाने एकदा पोळलेला माणूस अ‍ॅपची परवानगी देतानाही फुंकून पितो.

नाशिकच्या द्राक्षांचं काय?

युरोप-ब्रिटनला द्राक्षं पाठवणाऱ्या आपल्या बागायतदारांना हे सगळं ओळखीचं वाटेल. तिथल्या खरेदीदारांना ‘ग्लोबलगॅप’ प्रमाणपत्र लागतं. हीसुद्धा खासगी योजना, १९९७ मध्ये ‘युरेपगॅप’ नावाने सुरू झालेली. काही सुपरमार्केट त्यावर स्वतःचं जादा मोड्यूल लावतात, उदाहरणार्थ टेस्कोचं ‘नर्चर’. शिवाय अपेडाच्या ‘ग्रेपनेट’वर प्लॉटची नोंदणी आणि उर्वरित अंशाची तपासणी असतेच. तिचं महत्त्व २०१० मध्ये कळलं. तेव्हा क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि बागायतदारांचं मोठं नुकसान झालं.

खर्च कमी करायचा एक मार्ग ग्लोबलगॅपमध्येच आहे : गट प्रमाणपत्र. गटाचा अंतर्गत तपासनीस दरवर्षी प्रत्येक सदस्याची बाग बघतो आणि बाहेरची कंपनी सदस्यसंख्येच्या वर्गमूळाइतक्याच बागा तपासते. १०० शेतकरी असतील तर १०. मात्र गटाची व्यवस्थाच ढिली निघाली तर सगळ्या गटाचं प्रमाणपत्र अडचणीत येतं, त्यामुळे शेजारी निवडताना विचार करावा लागतो.

प्रमाणपत्र खरं आहे का ते तुम्हीही फोनवर बघू शकता. ग्लोबलगॅपच्या प्रत्येक प्रमाणित उत्पादकाला १३ अंकी ‘जीजीएन’ क्रमांक असतो. पेटीवर किंवा पाकिटावर तो सापडला तर ग्लोबलगॅपच्या वेबसाईटवरच्या सर्चमध्ये टाका. प्रमाणपत्र आज चालू आहे का आणि कोणत्या पिकासाठी आहे, ते तिथे दिसतं.