गोरोबांची थापटी

आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें संत गोरोबा कुंभारांचें गांव. मुक्ताबाईंच्या विनंतीवरून गोरोबांनीं जमलेल्या संतांचीं डोकीं मडक्यांप्रमाणें थापटीनें ठोकून पाहिलीं, अशी वारकरी परंपरेंतील आख्यायिका आहे. इतर शांत राहिले. नामदेव मात्र रागावले व कच्चें मडकें ठरले. पुढें विसोबा खेचरांस शरण जाऊन ते पक्के झाले.

येथें हंसूं येतें तें दुबळ्याला नव्हे, थोराच्या अभिमानाला. पैठणच्या एकनाथांनींही (मृत्यु १५९९) भारुडांत हेंच साधन योजिलें. रोमचे संत फिलिप नेरी (१५१५–१५९५) स्वतःचेंच हंसें व्हावें म्हणून अर्धी दाढी उतरवून लोकांत हिंडले, असें सांगतात.

प्रिय वाचकहो, नाट्य वा कीर्तन रचतांना आम्हीं एवढेंच स्मरावें: कुंभाराची थापटी मडकें पारखते, फोडीत नाहीं.