बांधलेल्या तलावाचा नैसर्गिक काठ

काशीगावच्या पूर्वेला सुरू होणारे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दक्षिणेकडे जिथे संपतात, तिथे पवई तलाव आहे. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) यांच्यानंतर, १८९१ च्या सुमारास मुंबईची तहान भागवण्यासाठी तो बांधला गेला. पण पाणी पिण्यास अयोग्य ठरले.

माणसांनी टाकलेला तलाव मगरींनी आपलासा केला. मगरीण काठाची माती उकरून अंडी घालते. दगडांच्या थरात ते कसे साधणार?

२०१७ च्या पाणथळ नियमांनुसार सरासरी पूररेषेपासून ५० मीटरपर्यंत कायमस्वरूपी बांधकाम वर्ज्य आहे. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काठावरचा महापालिकेचा सायकल मार्ग बेकायदेशीर ठरवून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला.

पण बांधलेल्या तलावाचे ‘पूर्ववत’ म्हणजे काय? धरणाआधीचा ओढा नव्हे; माझ्या मते, मगरीला उकरता येईल अशी मोकळी माती.