चंडालिकेची ओंजळ

मुलांना दया शिकवायची म्हणून आपण सुभाषिते पाठ करून घेतो. शांतिनिकेतनाने वेगळी वाट धरली. १९१९ साली सिल्हेटला मणिपुरी नृत्य पाहून रवींद्रनाथ भारावले आणि आश्रमातील मुलांसाठी त्यांनी त्रिपुरेहून गुरू आणविले.

१९३३ मधील आपल्या ‘चंडालिका’ नाटकाला १९३८ साली त्यांनी नृत्यरूप दिले. कथा बौद्ध अवदानातली. आरंभीच फुलवाल्या, दहीवाला, बांगडीवाला प्रकृतीला टाळतात. हे बसवताना काय होते पाहा. जिच्या शेजारी बसून जेवलो, त्याच मैत्रिणीपासून अंग चोरण्याची पावले मुलींना तालात गिरवावी लागतात. विटाळ म्हणजे काय, हे त्यांच्या पायांना कळते. मग भिक्षू आनंद प्रकृतीच्या हातचे पाणी पितो. (पुढचा मंत्रतंत्राचा भाग मुलांना जडच.) आम्हा मराठी माणसांना येथे १९२७ चे महाड आठवतेच, त्या तळ्यावरचे ओंजळभर पाणीही केवळ तहानेसाठी नव्हते.

आता आमच्या शाळांच्या बाई-गुरुजींना एकच विचारतो: संमेलनाचा नाच बसवताना पहिल्या रांगेत कोण असते, आणि सावळी, अडखळणारी मुलगी कुठे उभी असते?