महाग फूल, स्वस्त वास आणि माझा चुकलेला तक्ता

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक तक्ता केला होता. डावीकडे ‘अस्सल’, उजवीकडे ‘नक्कल’. गाईडनी तो पाहून एवढंच विचारलं, “हे ठरवलं कुणी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तक्ता होता वायोलेटच्या सुगंधाचा. एकोणिसाव्या शतकात युरोपात या फुलांचं अत्तर म्हणजे श्रीमंतांची चैन. दक्षिण फ्रान्समध्ये ग्रासच्या परिसरात ही इवलीशी फुलं हाताने खुडायची, कोमट चरबीत पुन्हा पुन्हा भिजवायची, मग चरबीतला वास अल्कोहोलमध्ये उतरवायचा. ढीगभर फुलांतून हाती यायचं अगदी थोडं.

१८९३ मध्ये टीमान आणि क्र्यूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी आयोनोन तयार केलं. वायोलेटची फुलं फार महाग, म्हणून त्यांनी साधारण तसाच वास असलेल्या आयरिसच्या वाळलेल्या कंदांवर काम केलं होतं. गंमत म्हणजे, कंदातल्या सुगंधी द्रव्याचं त्यांनी मांडलेलं सूत्र चुकीचं होतं! पण त्याच मागावर सिट्रल आणि अॅसिटोनपासून जे बनलं, त्याला वायोलेटचा गोडसर वास होता. सिट्रल मिळायचं गवती चहाच्या तेलातून, आणि ते तेल मलबार-त्रावणकोर भागातून युरोपला जायचं. वायोलेटचा वास आता साबणात आणि स्वस्त बाटल्यांतही आला.

आता खरी मेख. पुढे रसायनशास्त्रज्ञांना खुद्द वायोलेटच्या फुलातच आयोनोन सापडलं. म्हणजे माझ्या ‘नक्कल’ रकान्यातली गोष्ट ‘अस्सल’ रकान्यात आधीपासूनच बसली होती.

म्हणून दोन्ही एकच, असंही म्हणता येत नाही. फुलाच्या अर्कात इतर अनेक द्रव्यं असतात. शिवाय एका बाटलीमागे खुडणाऱ्यांचे हात आहेत, दुसरीमागे कारखाना आणि मलबारचं गवत. फरक आहेच, फक्त तो ‘खरं-खोटं’ या शब्दांत मावत नाही.

मग मी प्रश्न बदलला: अस्सल कोणतं, हे नाही, अस्सल कोण म्हणतं, कधी आणि कशासाठी? पेटंट घेणारा ‘नवीन’ म्हणणार, फुलांचा व्यापारी ‘नैसर्गिक’ म्हणणार. दोघंही आपला माल विकतायत.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल, तेव्हा तक्ता जरूर करा. फक्त माहिती भरण्याआधी रकान्यांची नावं एकदा तपासा. बऱ्याचदा निष्कर्ष तिथेच लपून बसलेला असतो.