लाकडी मूर्तींचा रंग का सुटतो?

नागपुरात उन्हाळ्यात आकसलेली दारे पावसाळ्यात फुगून अडकतात, हे आपण दरवर्षी अनुभवतो. गोव्याच्या चर्चमधील सतराव्या शतकातल्या रंगीत लाकडी मूर्तींना हाच खेळ भोवतो. लाकडावर सरसात कालवलेला पांढरा लेप, त्यावर तांबूस माती, सोन्याचा वर्ख व रंग, अशी त्यांची घडण. दमट हवेत लाकूड आडवे फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. ठिसूळ लेप त्याच्याबरोबर ताणला जात नाही आणि रंगाचे पोपडे सुटतात. मग भाविक वरून तैलरंग चढवतात. श्रद्धेनेच, पण मूळ कारागिराचा हात त्याखाली झाकला जातो. क्ष-किरणांनी आतले सांधे, खिळे दिसतात. टाचणीच्या टोकाएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की एकेक थर मोजता येतो. १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उघडले. पुढे ते जुन्या गोव्यात आले. संवर्धक सुटलेला पोपडा पातळ सरसाने पुन्हा बसवतो. झडलेल्या जागी नवा चेहरा रंगवत नाही.